कुंकू आणि दुनिया न माने: एका कंपनीची दोन भाषांतली गोष्ट



रायपूरमध्ये मराठीतून बोलायचं म्हटलं की बोलणाऱ्याला एक सोय असते. महाराष्ट्रात जे समजावून सांगावं लागतं, ते इथे सांगावं लागत नाही. एकाच दिवसात दोन-तीन भाषांतून जगणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. भाजीवालीशी छत्तीसगढी, ऑफिसात हिंदी, घरी आजीशी मराठी. मुलं मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात आणि आपल्याला त्यात काही वेगळं घडलं असं वाटतही नाही. शहराच्या मध्यावर तात्यापारा आहे, त्या नावातच तात्या बसलेले आहेत.

म्हणून आज मी एका चित्रपट कंपनीची गोष्ट सांगणार आहे, जिने हेच केलं. दोन भाषांतून जगली. ती कंपनी म्हणजे प्रभात. नाव सगळ्यांना माहीत आहे, तुतारी फुंकणारी ती स्त्रीही डोळ्यांसमोर येते. पण प्रभातची गोष्ट बहुतेक वेळा दिग्दर्शकांची आणि नटनट्यांची म्हणून सांगितली जाते. मला ती कंपनीची म्हणून सांगायची आहे. कंपनी कशी उभी राहिली, काम कसं करायची, मोडली कशी, आणि ती मोडल्यावर आपलं काय गेलं.

सुरुवात कोल्हापुरात. तिथे बाबूराव पेंटर नावाचा अवलिया कलावंत होता. विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि मूकपट काढायला सुरुवात केली. त्या कंपनीत काम शिकलेली चार माणसं १९२९ साली बाहेर पडली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, केशवराव धायबर आणि शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. पाचवे सीताराम कुलकर्णी, त्यांनी भांडवल आणलं. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली.

या पाच जणांकडे नीट बघा. धायबर कॅमेरा सांभाळणारे. फत्तेलाल चित्रकार, नेपथ्य त्यांचं. दामले हरहुन्नरी, पुढे बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे आलं. शांताराम दिग्दर्शक. कुलकर्णी पैशाचे. म्हणजे चित्रपट काढायला जे जे हात लागतात, त्या प्रत्येक हाताचा मालक भागीदार होता. अमेरिकेत दहा वर्षं आधी, १९१९ मध्ये, चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी युनायटेड आर्टिस्ट्स काढली होती. तीही कलावंतांनी स्वतःची म्हणून काढलेली कंपनी. पण ते चौघं आधीच जगप्रसिद्ध होते. कोल्हापूरच्या या चार कारागिरांचं नाव गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होतं ते एकमेकांचं काम.

पहिली दोन-तीन वर्षं मूकपटांची. गोपाळकृष्ण, राणीसाहेबा, खुनी खंजर, उदयकाल, चंद्रसेना, जुलूम. मूकपटाला एक मोठी सोय होती. त्याला भाषा नव्हती. दृश्यांच्या मध्ये ज्या पाट्या यायच्या, त्या बदलल्या की तोच चित्रपट कोल्हापुरात चालायचा, लाहोरला चालायचा, मद्रासला चालायचा.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा आला. चित्रपट बोलायला लागला. बोलायला लागल्याबरोबर त्याला प्रश्न पडला, कुठल्या भाषेत?

हा प्रश्न साधा नाही, मंडळी. आज आपण म्हणू, डबिंग करा. पण तेव्हा ते तंत्र हाताशी नव्हतं. आवाज कॅमेऱ्याबरोबरच, त्याच जागी, त्याच क्षणी मुद्रित व्हायचा. गाणंसुद्धा नटानेच कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायचं, आणि वाजवणारे चौकटीच्या बाहेर बसलेले. पार्श्वगायन यायला अजून काही वर्षं होती. तेव्हा एका भाषेत काढलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यायचा मार्ग एकच होता. तो पुन्हा काढायचा.

हा पेच जगभर होता. हॉलीवूडच्या कंपन्यांचा बराच धंदा परदेशात. पॅरामाउंटने पॅरिसजवळ जॉइनव्हिलला अख्खा स्टुडिओ थाटला आणि एकाच कथेचे अनेक युरोपीय भाषांत चित्रपट काढायला घेतले. युनिव्हर्सलचा ड्रॅक्युला १९३१ चा. दिवसा इंग्रजी चित्रीकरण चालायचं, आणि रात्री त्याच सेटवर वेगळे नट, वेगळा दिग्दर्शक येऊन स्पॅनिश ड्रॅक्युला काढायचे. लॉरेल आणि हार्डी यांनी तर स्पॅनिश वाक्यं उच्चारावरून पाठ केली आणि ठोकून दिली. जर्मनीत द ब्लू एंजल जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत निघाला. पण हे फार दिवस टिकलं नाही. खर्च परवडेना. डबिंग जमायला लागलं, खाली अक्षरं देता यायला लागली, आणि दोन-तीन वर्षांत हॉलीवूडने हा नाद जवळपास सोडून दिला.

प्रभातने तो सोडला नाही. पुढे दहा-बारा वर्षं ती कंपनी एकाच चित्रपटाचे दोन चित्रपट काढत राहिली.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी अयोध्येचा राजा मुंबईत लागला. मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. संगीतही टेंब्यांचंच. आणि याच कलाकारांना घेऊन हिंदीत अयोध्या का राजा. म्हणजे मराठी बोलपटाचा जन्मच जुळ्याचा आहे. ही गोष्ट आपण विसरतो. मराठी चित्रपट बोलायला लागला तो पहिल्या दिवसापासून हिंदी भावंडाला बरोबर घेऊन.

त्यानंतर माया मच्छिंद्र, सैरंध्री. १९३३ साली कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली. आज ज्याला लॉ कॉलेज रोड म्हणतात, तिथे स्टुडिओ उभा राहिला. जवळच्या रस्त्याला अजूनही प्रभात रोड म्हणतात. पुण्यातला पहिला चित्रपट अमृतमंथन, १९३४. तोही दोन्ही भाषांत.

आता हे काम प्रत्यक्षात कसं होत असेल, ते जरा डोळ्यांसमोर आणा. सेट तोच, दिवे तेच, कॅमेरा तोच. एक दृश्य एका भाषेत झालं की तेच दुसऱ्या भाषेत. नट तेच असतील तर त्यांनी दोन्ही भाषांतले संवाद पाठ केलेले हवेत. आणि नुसते पाठ असून चालत नाही. मराठीत माणूस जिथे थांबतो तिथे हिंदीत थांबत नाही. रागावतो तेव्हा शब्द वेगळ्या जागी आपटतो. तुम्हाला हे सांगायला नको. आपल्याच घरात एखादा मराठीत चिडला तर वेगळा दिसतो आणि हिंदीत चिडला तर वेगळा.

काही वेळा कंपनी नटच बदलायची. अमृतमंथनमधला राजगुरू ही चित्रपटातली सगळ्यात जबरदस्त भूमिका. नरबळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध उभा राहणारा धर्मांध माणूस. मराठीत ही भूमिका केशवराव दाते यांनी केली. रंगभूमीवर तयार झालेले, शब्दाला धार असलेले नट. हिंदीत ती चंद्रमोहन यांनी केली. हे चंद्रमोहन मूळचे नरसिंहपूरचे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतातले. रायपूरही तेव्हा त्याच प्रांतात होतं. त्यांचे डोळे विलक्षण होते आणि शांताराम यांनी टेलिफोटो भिंग लावून तो डोळा पडदाभर दाखवला. तो डोळा पुढे हिंदी चित्रपटाच्या इतिहासात गेला. एकच पटकथा, एकच सेट, पण मराठी राजगुरू आणि हिंदी राजगुरू ही दोन वेगळी माणसं आहेत. एक बोलून घाबरवतो, दुसरा बघून.

गाण्यांचं तर भाषांतरच नव्हतं. मराठी गाणी शांताराम आठवले लिहायचे, हिंदी गाणी मुन्शी अझीझ यांच्यासारखे कवी. चाल आणि प्रसंग तेच, शब्द ज्याच्या त्याच्या भाषेच्या मातीतले. आठवल्यांची एक गंमत सांगतो. संत तुकाराममध्ये त्यांनी लिहिलेली एक रचना इतकी अस्सल उतरली की पुष्कळ लोक ती तुकोबांचाच अभंग समजत आले. भाषेत इतकं खोल बसलेल्या माणसाकडून तुम्ही भाषांतर करून घेत नसता. त्याला त्याच्या भाषेत लिहू द्यायचं आणि हिंदीसाठी हिंदीत बसलेला माणूस शोधायचा. कंपनीने तेच केलं.

आता मी ज्या चित्रपटाचं नाव या बोलण्याला दिलंय, त्याच्याकडे येतो. १९३७. नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून शांताराम यांनी चित्रपट काढला. नीरा नावाची तरुण मुलगी. मामा फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. ती त्याला नवरा मानायला नकार देते. किंचाळत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहून, रोज, नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब, आणि काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, घरातला ग्रामोफोन, जे त्या घरात खरोखर वाजतं तेवढंच ऐकू येतं. केशवराव भोळे यांनी गाणी केली, आणि बाकी वेळ ते घर नुसतं शांत असतं. त्या शांततेनेच अंगावर काटा येतो.

मराठीत या चित्रपटाचं नाव कुंकू. हिंदीत दुनिया न माने.

दोन नावं शेजारी ठेवून बघा. मराठी नाव त्या बाईच्या कपाळावर बोट ठेवतं. एक वस्तू, रोज आरशासमोर लावायची. ती लावायची की नाही यातच सगळं नाटक आहे. मराठी घरात कुंकू म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. नवरा म्हणजेच कुंकू, असं बोलणारी भाषा आहे आपली. हिंदी नावाने त्याच गोष्टीला बाहेरून पाहिलं. बाई एकीकडे, दुनिया दुसरीकडे. सिंदूर असं नाव देता आलं असतं, सोपं होतं. दिलं नाही. कंपनीने विचार केला असला पाहिजे की हिंदी प्रेक्षकाच्या मनात ही गोष्ट कुठल्या दाराने शिरेल. घर एक, दारं दोन.

१९३९ चा माणूस, हिंदीत आदमी. एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्यात शांता हुबळीकर यांचं एक गाणं आहे, त्यात हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या भाषांचे तुकडे एकामागून एक येतात. तिच्या दारात येणारं गिऱ्हाईक सगळ्या मुलखातलं, म्हणून गाणंही सगळ्या मुलखाचं. दोन भाषांत काम करणाऱ्या कंपनीलाच असलं गाणं सुचावं.

आणि १९४१ चा शेजारी, हिंदीत पडोसी. विश्राम बेडेकर यांची कथा. एक हिंदू, एक मुसलमान, दोघं म्हातारे, बुद्धिबळ खेळणारे जिवलग मित्र. धरण बांधणारी कंपनी गावात येते आणि दोघांमध्ये पाचर मारते. शेवटी धरण फुटतं आणि दोघं एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत हिंदू मित्र केशवराव दाते, मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदार तेच मिर्झा, पण हिंदू ठाकूर म्हणून कोण? मझहर खान. म्हणजे हिंदू नट मुसलमानाच्या भूमिकेत आणि मुसलमान नट हिंदूच्या. काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लीम लीगचा ठराव झालेला होता. त्या काळात ही अदलाबदल पडद्यावर आणायला दुसरी भाषा हाताशी होती, म्हणून ती आणता आली.

आता कुणी म्हणेल, अहो, हे सगळं धंद्यासाठी होतं. हिंदीची बाजारपेठ मोठी होती. बरोबर आहे. धंद्यासाठीच होतं. कंपनी म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हे. पण धंद्यासाठी दोन सोपे रस्ते मोकळे होते. एक, मराठी सोडून फक्त हिंदीत काढायचे. दुसरा, फक्त मराठीत काढायचे आणि मुंबई-पुण्यावर समाधान मानायचं. प्रभातने हे दोन्हीही अधूनमधून केलं. अमरज्योती फक्त हिंदीत. सिंहगड फक्त मराठीत. आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी संत तुकाराम काढला, तो फक्त मराठीत. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, गौरी आवली झाल्या. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे मराठीत राहून जगापर्यंत जाता येतं, हेही कंपनीने पाहिलेलं होतं. तरीही नेहमीचा रस्ता म्हणून तिने तिसरा निवडला, सगळ्यात कष्टाचा. घरची भाषा सोडायची नाही, बाजार सोडायचा नाही. त्यासाठी काम दुप्पट करायचं.

आणि इथे कंपनी हा शब्द महत्त्वाचा होतो. हे दुप्पट काम एकट्यादुकट्या निर्मात्याला झेपणारं नव्हतं. त्यासाठी स्वतःचा स्टुडिओ हवा, म्हणजे सेट दुसऱ्या भाषेसाठी उभा ठेवला तरी भाडं चढत नाही. स्वतःची प्रयोगशाळा हवी. नट, वादक, सुतार, रंगारी सगळे महिन्याच्या पगारावर हवेत, म्हणजे त्याच दृश्यासाठी पुन्हा उभं राहायला नटाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. दोन भाषांतली माणसं एका आवारात, एका खानावळीत जेवणारी हवीत. प्रभात तशी होती. म्हणून ते परवडत होतं.

ती वीण एकदा उसवली, की हेही बंद पडणार होतं. आणि ती उसवली.

धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून मुंबईला गेले आणि परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. १९४५ साली दामले वारले. वितरणाच्या धंद्यातले बाबूराव पै भागीदार म्हणून आले, पण आता भागीदारांत आधीसारखी एकेका कामाची वाटणी राहिली नव्हती. त्यातच युद्ध. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिच्यावर सरकारी नियंत्रण आलं. चित्रपट ११,००० फुटांत बसवा, म्हणजे साधारण दोन तासांत, असं बंधन आलं. जिथे एका चित्रपटापुरती फिल्म मिळायची मारामार, तिथे तोच चित्रपट दोनदा काढायला ती आणायची कुठून? युद्धातल्या काळ्या पैशाने नटांचे भाव वाढले. पगारी नट कंपनी सोडून कंत्राटावर काम करू लागले. मुंबईत एखाद्याने पैसा आणायचा, स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, मोठा नट घ्यायचा आणि एक हिंदी चित्रपट काढून मोकळं व्हायचं, अशी रीत पडली.

तरी प्रभातने १९४४ साली रामशास्त्री दोन्ही भाषांत काढला. जागीरदारांनी दिग्दर्शित केलेला आणि स्वतः साकारलेला, राजाला देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाचा चित्रपट. त्यानंतरचे चित्रपट बहुतेक हिंदी. १९४६ चा हम एक हैं हा त्यातला एक. देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आले ते यात. त्याच सुमारास गुरुदत्तही प्रभातमध्ये उमेदवारी करत होते आणि दोघांची दोस्ती तिथेच जमली. म्हणजे मावळता मावळताही कंपनीने हिंदी चित्रपटाला पुढच्या वीस वर्षांची दोन माणसं दिली. १९५३ मध्ये कंपनी बंद झाली.

पुढे स्टुडिओची जागा सरकारने घेतली आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी चित्रपटांचे हक्क पुन्हा मिळवले आणि ते चित्रपट जपले, लोकांपुढे आणले. हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. जुनी फिल्म नायट्रेटची, कापसासारखी पेट घेणारी. २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या भांडाराला आग लागली, तेव्हा अनेक जुन्या कंपन्यांच्या मूळ नायट्रेट प्रती जळाल्या, त्यात प्रभातच्याही होत्या. आज आपण कुंकू पाहू शकतो ते कुणीतरी वेळेत दुसऱ्या प्रती काढून ठेवल्या म्हणून.

पण कंपनी बंद पडल्याने नुकसान काय झालं? चित्रपट उरले, जागेवर शाळा उभी राहिली. गेली ती काम करायची रीत. मराठी चित्रपट आणि हिंदी चित्रपट एका आवारात राहत होते, ते वेगळे राहायला गेले. शांताराम यांनी ती रीत काही काळ सांभाळली. १९४७ चा लोकशाहीर रामजोशी दोन भाषांत. अगदी १९७२ चा पिंजरा मराठीत, आणि मग हिंदीतही. आणि योगायोग बघा, पिंजऱ्याची कथा बेतली होती द ब्लू एंजलवर, त्याच जर्मन चित्रपटावर, जो १९३० मध्ये दोन भाषांत निघाला होता. पण पिंजरा हा जवळजवळ एकटाच.

आजचं उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा सैराट आला. २०१८ मध्ये त्याचा हिंदीत धडक झाला. झी स्टुडिओज दोन्हीकडे होती, अजय-अतुल यांचं संगीत दोन्हीकडे होतं. पण गाव करमाळ्याचं उदयपूर झालं, दिग्दर्शक बदलला, आर्ची आणि परशा बदलले. गोष्ट हिंदीत गेली, गोष्ट सांगणारी माणसं मागे राहिली. कुंकूच्या वेळी शांता आपटे स्वतः हिंदीत जाऊन बोलल्या होत्या. मला वाटतं, प्रभात मोडल्यावर आपलं जे गेलं ते हे. आपल्या माणसाने आपली गोष्ट दुसऱ्या भाषेत स्वतः सांगण्याची सोय.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा रायपूरशी संबंध काय? आहे. आणि तो प्रभातच्याही आधीचा आहे. माधवराव सप्रे तुम्हाला सांगायला नकोत. मराठी घरातला माणूस. १९०० साली पेंड्र्याहून छत्तीसगढ मित्र काढला, हिंदीत. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं, समर्थांचा दासबोध हिंदीत आणला. १९२६ मध्ये ते याच शहरात वारले. मराठीत मुरलेला माणूस हिंदीत स्वतः जाऊन बोलला. पाट्या बदलून नाही, नव्याने लिहून.

दुसरा संबंध. चित्रपटाच्या धंद्यात आजही छत्तीसगड आणि विदर्भ एकाच पट्ट्यात मोजतात, सीपी-बेरार. तो प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, वितरकांच्या वहीत राहिला. म्हणजे धंद्याच्या हिशेबात नागपूर आणि रायपूर अजून एकाच घरात आहेत. तरी नागपूरला लागलेला मराठी चित्रपट इथे क्वचित पोचतो, आणि इथला छत्तीसगढी चित्रपट तिकडे जवळपास पोचतच नाही.

आणि तिसरा संबंध तुमच्या या मातीचा. १९६५ मध्ये मनु नायक यांनी कहि देबे संदेस काढला, छत्तीसगढीतला पहिला चित्रपट. जातिभेदावर बोट ठेवणारा. मोहम्मद रफी त्यात छत्तीसगढीत गायले. त्यानंतर १९७१ चा घर द्वार, आणि मग जवळजवळ तीस वर्षं सामसूम. २००० साली, राज्य झालं त्याच सुमारास, मोर छइंहा भुइयां आला आणि तेव्हापासून इथला चित्रपट खऱ्या अर्थाने उभा राहिला. मधली तीस वर्षं भाषेत दम नव्हता म्हणून गेली का? नाही. गाणारे होते, लिहिणारे होते, नाचा होता, पंडवानी होती. माणसांना पगारावर बांधून ठेवणारी, एक चित्रपट पडला तरी दुसरा काढणारी कंपनी नव्हती. भाषेला कलावंत तर लागतोच, पण त्याच्यामागे सुतार, हिशेबनीस आणि खानावळ लागते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसापुढे दोनच पर्याय ठेवले जातात. मराठी टिकवायची तर मंडळाच्या आवारात, गणपतीत आणि कोजागिरीला. पुढे जायचं तर हिंदीत, इंग्रजीत. प्रभातने दहा-बारा वर्षं तिसरा पर्याय करून दाखवला. तो स्वस्त नव्हता. त्यासाठी माणसं एकत्र राहावी लागली, आणि ती वेगळी झाली तेव्हा तो पर्यायही गेला. पण तो होता, चालला होता, त्यातून कुंकूही निघाला आणि दुनिया न मानेही.

एक काम सांगतो आणि थांबतो. यातले बरेच चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. घरातल्या मुलांना जवळ घ्या आणि कुंकूमधला एखादा प्रसंग लावा. मग तोच प्रसंग दुनिया न मानेमधला लावा. त्यांना काही समजावून सांगू नका. फक्त विचारा, नीरा कुठे जास्त रागावली? मुलं मराठीत उत्तर देतील की हिंदीत, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.